नव्या मेटल अल्बमांची दखल घ्या, पण तारीख, लांबी आणि खर्जासह

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील नव्या संगीताच्या सदरात अलीकडे हेवी रॉक आणि मेटलच्या अल्बमांनाही चार ओळी मिळू लागल्या आहेत. इंदूरमध्ये हे संगीत मन लावून ऐकणारे मराठी श्रोते आहेत, आणि आपल्या भाषेत त्याची दखल घेतलेली पाहून त्यांना आनंद झाला. मात्र त्या चार ओळींत ‘कानठळ्या बसवणारा’, ‘तुफानी’, ‘तरुणाईला वेड लावणारा’ अशी विशेषणेच जागा खातात. अल्बम कोणत्या तारखेला येतो, किती मिनिटांचा आहे, कोणत्या घराण्यातला आहे, कोण काढतो आहे आणि इंदूरमध्ये बसून तो विकत कसा घ्यायचा, यांतले काहीच कळत नाही. गाण्याच्या मैफलीचा वृत्तांत देताना आपला समीक्षक राग, ताल, बंदिश आणि साथीदार सांगतो. ‘गायक फार मोठ्याने गायले’ असे लिहून थांबत नाही. तीच शिस्त इथेही लावावी, यासाठी हे पत्र.

एक चूक आधी दुरुस्त करायला हवी. ‘अंडरग्राउंड’ म्हणजे चोरून चालणारे किंवा बेकायदा, असा अर्थ एका टिपणात ध्वनित झाला होता. तसे काही नाही. मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, छोट्या लेबलने (संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीने) किंवा बँडने स्वतःच्या खर्चाने काढलेला अल्बम म्हणजे अंडरग्राउंड. सीडी पाचशे-हजार, कॅसेट शंभर-दोनशे, तबकडी तीनशे-पाचशे, असा हा मामला असतो. आवृत्ती लहान असल्यामुळेच तारीख महत्त्वाची ठरते, कारण माल संपला की दुसरी आवृत्ती निघेलच असे नाही.

आता घराण्यांविषयी. थ्रॅशची लय मिनिटाला साधारण १८० ते २२० ठोक्यांची असते आणि गिटारच्या तारा तळहाताने दाबून तुटक, कोरडे आघात काढलेले असतात. डेथ मेटलमध्ये गळा खालच्या पट्टीत गुरगुरतो आणि लय वारंवार बदलते. ब्लॅक मेटलमध्ये एकच स्वर अतिद्रुत छेडत लांब सुरावट विणतात आणि ध्वनिमुद्रण मुद्दाम पातळ, गार ठेवतात. ते ऐकून ‘रेकॉर्डिंग खराब आहे’ असा शेरा मारणे चूक आहे. डूम मात्र संथ, ५० ते ७० ठोक्यांत चालणारे, आणि फ्यूनरल डूम त्याहूनही खाली उतरणारे. या डूमविषयी इंदूरच्या वाचकाला सविस्तर सांगायला हवे, कारण त्यासाठी लागणारा कान या शहराकडे आधीपासून आहे.

उस्ताद अमीर खाँ याच गावात वाढले. झुमऱ्याच्या चौदा मात्रा ते इतक्या सावकाश मांडत की एका आवर्तनाला मिनिटभराच्या आसपास वेळ लागे आणि समेची वाट पाहणे हाच ऐकण्याचा मोठा भाग होऊन जाई. सिएटलच्या बेल विच या दोघांच्या बँडचा २०२३ साली आलेला अल्बम म्हणजे ८३ मिनिटांची एकच रचना आहे. त्यांच्याकडे गिटार नाही. बास आणि ड्रम यांवरच डोलारा उभा आहे. एक आघात झाला की त्याचा नाद विरेपर्यंत पुढचा येत नाही. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हा ठेहराव परका वाटणार नाही. अशा अल्बमाला ‘कंटाळवाणा, गाणे संपतच नाही’ म्हणणारा समीक्षक बडा ख्यालही त्याच कारणाने नाकारील.

स्वरांच्या बाजूनेही नाते जवळचे आहे. मेटलचा मूळ घटक पॉवर कॉर्ड, म्हणजे षड्ज आणि पंचम. गिटारच्या ध्वनीची शिखरे ॲम्प्लिफायरमध्ये किंवा पेडलमध्ये छाटली जातात, त्यातून मूळ ध्वनीत नसलेले उपस्वर तयार होतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण २:३ असे सरळ असल्याने हे उपस्वर एकमेकांत मिसळून जातात. त्यात गंधार घातला तर ते आपसात भांडतात आणि गिचमिड होते. म्हणून इथे दोनच स्वर. पंचमाला लावलेला तंबोरा आणि जवारीतून उमलणारे उपस्वर ज्याने ऐकले आहेत, त्याला ही गोष्ट समजावून सांगायला दोन वाक्ये पुरतात. मेटलचा पाया घालणाऱ्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या पहिल्या अल्बमातली पहिली रिफ तर षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम या तीन स्वरांवरच उभी आहे. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ. बंदिशीत मुखडा जे काम करतो, तेच इथे रिफ करते. मुखडा धरता आला की बंदिश सापडते, तशी रिफ धरली की गाणे सापडते.

तारा उतरवून लावण्यामागेही एक कारण आहे. सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. ताण कमी व्हावा म्हणून १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात बऱ्याच गाण्यांसाठी त्यांनी तारा दीड स्वराने उतरवल्या. आवाज जाड आणि जड झाला, आणि पुढच्या पिढ्यांनी तीच वाट धरली. आज अल्बमाच्या माहितीत ‘ड्रॉप ए’ किंवा ‘सी स्टँडर्ड’ असे उतरत्या लावणीचे नाव लिहिलेले असेल तर तो तपशील जरूर छापावा, कारण तो थेट वाचकाच्या यंत्राशी जोडलेला आहे.

ते कसे, हे आकड्यांत पाहू. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या लावणीत ८२ हर्ट्झला बोलते, सी स्टँडर्डमध्ये ६५ ला आणि ड्रॉप ए मध्ये ५५ ला. बास गिटार त्याहून एक सप्तक खाली, म्हणजे अनुक्रमे ४१, ३३ आणि २७.५ हर्ट्झ. मोबाइलच्या स्पीकरमधून ३०० हर्ट्झच्या खाली फारसे काही बाहेर पडत नाही. छोट्या ब्लूटूथ स्पीकरची ताकद ८० च्या आसपास सरते. उपस्वरांच्या आधाराने कान सुरावट ओळखतो, पण खालचे वजन नाहीसे होते आणि उरते ती वरची करवत. मोबाइलवर डूम ऐकून ‘नुसता खरखराट’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे तंबोरा आणि तबला बंद करून ख्याल ऐकण्यासारखे आहे. तारेचा साधा, कान झाकणारा हेडफोन किंवा सहा इंची वूफर असलेली स्पीकरची जोडी एवढे पुरते; जेल रोडवर दोन्ही मिळतात. स्पीकर भिंतीला चिकटवून किंवा कोपऱ्यात ठेवले तर खर्ज फुगतो आणि डबल बास ड्रमचे ठोके एकमेकांत मिसळतात. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेतले की ठोके सुटे होतात.

आवाजाची मर्यादाही छापायला हरकत नाही. ८५ डेसिबलला आठ तास ऐकता येते, पण दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ हेडफोनचाच. लहान मैफलीच्या खोलीत ड्रमच्या जवळ उभे राहणाऱ्याने कानात प्लग घालावेत. कापसाचे बोळे चालत नाहीत. ते वरचे स्वर थोडे कापतात, खालचा मारा तसाच राहतो.

अल्बम कधी आणि कसे येतात, ही सदरासाठी सर्वांत उपयोगाची माहिती. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. लेबल साधारण आठ ते बारा आठवडे आधी घोषणा करते: मुखपृष्ठ, गाण्यांची यादी, एक गाणे ऐकायला आणि त्याच दिवशी आगाऊ मागणी सुरू. मग दर तीन-चार आठवड्यांनी एखादे गाणे बाहेर पडते. आपले सदर बहुधा अल्बम आल्यानंतर लिहिले जाते, पण रंगीत तबकडीची छोटी आवृत्ती संपते ती घोषणेच्या आठवड्यात. त्यामुळे येऊ घातलेल्या अल्बमांची नोंद घोषणेच्या वेळीच द्यायला हवी. त्यासाठी २००२ पासून चालू असलेल्या एन्सायक्लोपीडिया मेटॅलम या संकेतस्थळावर आगामी अल्बमांची तारीखवार यादी असते. बँड, लेबल आणि उपप्रकार तिथे पडताळून घेता येतात. ती पाहिली तर डूमच्या बँडला थ्रॅश म्हणण्यासारख्या चुका टळतील.

खरेदीसाठी या वर्तुळातली मुख्य पेठ म्हणजे बँडकॅम्प हे संकेतस्थळ. तिथे अल्बम मोफत ऐकायला मिळतो तो १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बराच दाबून लहान केलेल्या, एमपी३ मध्ये. झांजांचा सततचा सळसळाट आणि ब्लॅक मेटलची अतिद्रुत गिटार यांचा ध्वनी कोलाहलासारखा असतो. एवढ्या कमी जागेत तो बसवताना सॉफ्टवेअरची दमछाक होते आणि झांज पाण्यात बुडवल्यासारखी ऐकू येते. त्यावरून मुद्रणाचा दर्जा ठरवू नये. विकत घेतल्यावर तोच अल्बम फ्लॅक किंवा वॅव्ह या, ध्वनीतले काही न गमावणाऱ्या, स्वरूपात उतरवून घेता येतो. परीक्षण लिहिणाऱ्याने तोच ऐकावा.

मार्च २०२० पासून बँडकॅम्प काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडून देते. एरवी रकमेपैकी सरासरी ८२ टक्के बँड किंवा लेबलकडे जातात, त्या दिवशी सरासरी ९३. मात्र हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने मोजला जातो. आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबारा वाजता सुरू होऊन शनिवारी त्याच वेळेला संपतो. तिथल्या हिवाळ्यात दीड ते दीड. शुक्रवारी सकाळी उठल्याउठल्या खरेदी करणाऱ्या भारतीय श्रोत्याला वाटते की बँडला पूर्ण पैसे गेले. प्रत्यक्षात तिकडे अजून गुरुवारच असतो आणि नेहमीची कपात होते. ही वेळ सदरात चौकटीत छापावी.

पैसे भरताना दोन ठिकाणी गाडी अडते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नवे कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करावे लागतात आणि मर्यादाही तिथेच ठरवता येते. खरेदी झाली की पुन्हा बंद करावे. बँक चलनाच्या रूपांतरावर साधारण २ ते ३.५ टक्के आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावते, तो हिशेबात धरावा. दुसरी अडचण भारतीय बँडच्या बाबतीत येते. पेपाल या ऑनलाइन पैसे पोहोचवणाऱ्या सेवेने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले, त्यामुळे भारतीय खात्यातून भारतीय खात्यात पेपालने पैसे जात नाहीत. इंदूरच्या श्रोत्याला पेपाल खात्यावर पैसे घेणाऱ्या मुंबईच्या बँडचा अल्बम घेताना व्यवहार नाकारला गेला, तर दोष बहुतेक वेळा कार्डाचा नसतो. अशा वेळी बँडला सरळ संदेश पाठवून यूपीआयने पैसे द्यावेत. पुष्कळ बँड डाउनलोडचा कोड पाठवतात आणि त्यांच्या हाती रक्कमही पूर्ण पडते.

तबकडीविषयी जरा जास्त सांगायला हवे, कारण पैसे तिथेच वाया जातात. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण २० ते २२ मिनिटे चांगली बसतात. खर्ज जितका खोल तितकी खाच रुंद लागते. त्यामुळे डूमचा अल्बम एका बाजूवर २६ मिनिटे कोंबला असेल तर आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि सुई मध्याकडे सरकते तशी झांज फाटते. मिनिटांचा आकडा छापला की जाणकार वाचक हे आधीच ताडतो. डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनने ऑक्टोबर २०२४ च्या अल्बमात दोनच रचना ठेवल्या, दोन्ही वीस मिनिटांच्या वर, म्हणजे तबकडीची एकेक बाजू. याउलट वर सांगितलेली ८३ मिनिटांची रचना ८० मिनिटांच्या एका सीडीतही मावत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स हा कारखाना जळाला. तबकडीचा साचा ज्या लॅकरवर कोरतात, ती लॅकर बनवणारा जपानमधला एकच मोठा कारखाना मागे उरला. तेव्हापासून डिजिटल अल्बम वेळेवर आणि तबकडी मागाहून, हे वारंवार दिसते. सदरात दोन्ही तारखा वेगळ्या द्याव्यात.

परदेशातून तबकडी मागवायची तर ती एप्रिल ते जूनमध्ये आपल्याकडे पोहोचेल अशी मागवू नये. ६० अंशांच्या आसपास ती मऊ पडू लागते आणि माळव्याच्या उन्हात उभ्या बंद गाडीत हे तापमान गाठायला वेळ लागत नाही. मागणी नोंदवताना ‘तबकडी पुठ्ठ्याच्या वेष्टनातून काढून, त्याच्या मागे ठेवून पाठवा’ अशी सूचना लिहावी. नाहीतर प्रवासात तबकडी आत सरकते आणि पुठ्ठ्याची वरची शिवण फाडते. घरी आल्यावर उभी ठेवावी. आडव्या गठ्ठ्यात ठेवली की खालच्या वाकतात.

कॅसेटही या वर्तुळात अजून निघतात. जुन्या प्लेअरवर नवी कॅसेट दबक्या आवाजात वाजली तर कॅसेट परत करण्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि हेडशेजारचा तिरपेपणाचा स्क्रू किंचित फिरवून झांज खुलते का पाहावे. पावसाळ्यानंतर फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नये. हेड खराब होऊन पुढच्या कॅसेटलाही लागण होते.

भारतीय अल्बमांना सदरात अग्रक्रम मिळावा, असे आमचे मत आहे. बंगळुरूचा क्रिप्टॉस १९९८ पासून जुन्या वळणाचे हेवी मेटल वाजवतो आणि त्याचा ‘डेसिमेटर’ २०२४ मध्ये आला. मुंबईच्या डीमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये ‘दशावतार’ काढला, त्यात विष्णूच्या अवतारांवर रचना आहेत. मुंबईचाच डर्ज हा बँड डूममध्ये आणि त्याच्या जवळच्या स्लज या प्रकारात काम करतो; २०२३ चा त्याचा अल्बम हेडफोनवर सलग ऐकावा असा आहे. गटस्लिटचा ‘कार्नल’ त्याच वर्षीचा, अतिद्रुत डेथ मेटलचा. ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी हे लेबल भारतातून चालते आणि युरोप-अमेरिकेतल्या डेथ मेटल बँडचे अल्बम काढते, हेही बहुतेक वाचकांना माहीत नसेल. आणि आपल्या शहराचा निकोटिन २००६ पासूनचा आहे. इंदूरच्या वृत्तपत्रात त्याच्या नावासमोर ‘स्थानिक कलाकार’ एवढेच येऊ नये.

स्थानिक बँड आपल्याकडे अल्बम पाठवू लागले तर त्यांच्याकडून काय मागावे, तेही ठरवून टाका: २४ बिटच्या वॅव्ह फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचे मुखपृष्ठ, वाजवणाऱ्यांची आणि मिक्स-मास्टर करणाऱ्यांची नावे, गीतांची संहिता. घरगुती मुद्रणात नेहमी होणाऱ्या चुका समीक्षकाने कान लावून सांगितल्या तर बँडना त्याचा उपयोग होईल. डाव्या-उजव्या बाजूला एकाच गिटारची नक्कल ठेवली तर रुंदी येत नाही. दोनदा वेगवेगळे वाजवूनच मुद्रण करावे लागते. आणि दोन थर एकत्र आले की डिस्टॉर्शन दुप्पट वाटते, म्हणून प्रत्येक थरावर ते एकट्याने वाजवताना आवडते त्यापेक्षा कमी ठेवावे. गिटारचा ८० हर्ट्झखालचा भाग कापून ती जागा बासला द्यावी. सी स्टँडर्डसाठी दहा-सेहेचाळीसच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) बारीक तारा ठेवल्या तर आघाताला स्वर वर चढतो आणि सगळे बेसूर वाटते. अकरा-छप्पन्न किंवा त्याहून जाड संच लागतो. मास्टर, म्हणजे अल्बमाची अंतिम प्रत, जास्त मोठ्या आवाजाचा करून काही हाती लागत नाही. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठ्या आवाजाचे मुद्रण सुमारे उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे एकक) पातळीवर उतरवतात. मोठा केलेला अल्बम खाली ओढला जातो आणि स्नेअर ड्रमचा चपळ टोला तेवढा गमावलेला असतो. मेटालिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ याच कारणाने श्रोत्यांच्या टीकेचा धनी झाला. पैसा आणि स्टुडिओ कमी नसूनही.

जागेची अडचण आम्ही समजू शकतो. एका अल्बमाला साठ शब्द मिळाले तरी बँड, गाव, लेबल, तारीख, मिनिटे, उपप्रकार, तारांची लावणी, कोणत्या स्वरूपात मिळतो आणि एखादे ठाम मत, एवढे त्यात बसते. विशेषणे वगळली की जागा निघते.

शेवटची विनंती सदराच्या वाराविषयी. नवे अल्बम भारतात बहुधा गुरुवार संपून शुक्रवार लागतो त्या मध्यरात्री, बारा वाजता खुले होतात. रविवारी छापलेली शिफारस वाचेपर्यंत दोन दिवस उलटलेले असतात आणि बँडकॅम्पचा वाटा सोडण्याचा शुक्रवारही शनिवारी दुपारीच संपलेला असतो. हे सदर गुरुवारच्या अंकात घ्यावे.

आपला नियमित वाचक,
रामबाग, इंदूर